आमच्या घरातला ‘ढ’

ढ हे अक्षर तुम्ही कधी नीट न्याहाळलंय का? जाणकार सांगतात, सम्राट अशोकाच्या शिलालेखांत, म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी, हे अक्षर जसं होतं जवळजवळ तसंच ते आजही आहे. क बदलला, म बदलला, र बदलला. ढ मात्र जिथं होता तिथंच राहिला. म्हणून एकाच इयत्तेत मुक्काम ठोकणाऱ्या पोराला आपल्याकडं ‘ढ’ म्हणायची रीत पडली, असं म्हणतात.

हे मला माझ्या नातीनं गेल्या दिवाळीत सांगितलं. ते अक्षर कुठून आलं हे मला ठाऊक नव्हतं, पण ते वापरायला मात्र मी चांगली शिकले होते. पोटच्या पोरीला मी दहा-बारा वर्षं ह्या एका अक्षरानं ओळखलं, आणि चारचौघांत तशी ओळख करूनही दिली. त्याचीच हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे. सांगताना थोडी लाज वाटते. पण तुमच्याही घरात एक ‘हुशार’ आणि एक ‘ढ’ असण्याचा संभव आहे, म्हणून सांगते.

आमचं गाव पुरंदर तालुक्यातलं, कऱ्हेच्या वरच्या अंगाला. जमीन हलकी ते मध्यम. पावसाळ्यात वाटाणा, घेवडा, बाजरी. विहिरीनं साथ दिली तर अंजीर. मी ह्या घरात लग्न होऊन आले ती १९७२ साली, दुष्काळात. अंगाची हळद उतरायच्या आत मी खडी फोडायला गेले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मालक सातवी पास.

थोरला झाला १९७५ साली. पाचवीच्या रात्री सासूबाईंनी पाटा-वरवंटा पुजला, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवली. रात्री सटवाई येते आणि पोराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, हे तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. सकाळी सासूबाई म्हणाल्या, “चांगलं लिहिलंय. पोरगं डोक्याचं निघणार.” कागद कोरा होता की नाही हे कुणी पाहिलं नाही.

आणि पोरगं खरंच डोक्याचं निघालं. तिसरीत असताना पावकी, निमकी, पाऊणकी घडाघडा म्हणायचा. शेजारचे म्हातारे संध्याकाळी मुद्दाम ओट्यावर येऊन बसायचे आणि त्याला उलटसुलट विचारायचे. १९८५ साली चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत तो आमच्या केंद्रात पहिला आला. सरपंचांनी त्याला टोपी, नारळ आणि शाईचं पेन दिलं. मालकांनी पेढे वाटले. त्या दिवसापासून घरात एक वाक्य रुळलं. पाहुणा आला की मालक म्हणायचे, “हा आमचा थोरला. ह्याला अभ्यास करावाच लागत नाही. एकदा वाचलं की झालं.”

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. त्यावर मी परत येणार आहे.

मधली पोरगी १९७८ ची. ती बोलायला उशिरा लागली, पाढ्यात अडखळायची. थोरल्याच्या मागं ती म्हणजे घोड्याच्या मागं पायी चाललेलं माणूस. पाचवी-सहावीत गणितात कसेबसे मार्क मिळायचे. मग पाहुण्यांसमोर मालकांचं वाक्य संपलं की माझं सुरू व्हायचं, “आणि ही आमची ढ. कामाला मात्र वाघीण आहे हो.” सगळे हसायचे. तीही हसायची. ती हसते आहे म्हणजे तिला काही वाटत नसणार, असं मी धरून चालले.

थोरला दहावीला १९९१ साली चांगल्या मार्कांनी पास झाला आणि आम्ही त्याला पुण्याला विज्ञान शाखेत घातला. खोलीचं भाडं, खाणावळ, पुस्तकं. त्यासाठी एक दुभती म्हैस विकली. दर महिन्याला तो घरी यायचा. “कसं चाललंय?” विचारलं की “चांगलं” म्हणायचा. मार्क विचारले की आकडा सांगायचा. आकडा बरा असायचा. १९९३ साली बारावीचा निकाल लागला आणि तो तीन विषयांत नापास झाला. मालक दोन दिवस जेवले नाहीत. थोरल्यानं पुन्हा परीक्षेला बसायचं नाव काढलं नाही. पुस्तकं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली आणि खुरपं हातात घेतलं.

आम्ही म्हटलं, शहराची हवा लागली. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. मी लिंबू-मिरची उतरवली. ते पोत्यातलं इंग्रजी पुस्तक काढून, पोराला नेमकं काय कळलं नाही, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. विचारायचं तरी कसं? ज्याला एकदा वाचलं की येतं, त्याला काही कळलं नाही हे होईलच कसं!

पुढच्या वर्षी, १९९४ च्या मार्चमध्ये, मधली दहावीला बसली आणि गणितात नापास झाली. ह्याचं कुणाला नवल वाटलं नाही. तिचं लग्न बघायचं ठरलं. पण मे महिन्यात लग्नाचं कुठं जमलं नाही, आणि गावात एक निवृत्त गुरुजी राहायचे त्यांच्याकडं ती आपली आपण गेली. घरात न विचारता गेली. ऑक्टोबरला पुन्हा बसते म्हणाली.

ह्या गुरुजींची शिकवायची तऱ्हा न्यारी होती. त्यांनी दहावीचं पुस्तक उघडलंच नाही. आठवीचं एक गणित घातलं, चुकलं. सातवीचं घातलं, चुकलं. सहावीचं घातलं, तेही चुकलं. प्रत्येक वेळी “बरं” म्हणायचे आणि एक पायरी खाली उतरायचे. शेवटी पाचवीच्या पुस्तकातलं गणित आलं, अर्धा अधिक पाव. पोरीनं काय केलं, तर वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली, आणि उत्तर काढलं दोन छेद सहा. गुरुजींनी विचारलं, “अर्ध्यात पाव घातल्यावर ते अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं गं?” तिनं खूप वेळ त्या उत्तराकडं पाहिलं. मग म्हणाली, “मला अपूर्णांक कधी शिकवलेच नाहीत.”

गुरुजी त्या संध्याकाळी आमच्या घरी आले. मला म्हणाले, “ही पाचवीला असताना श्रावण-भाद्रपदात कुठं होती?”

मला लगेच सांगता आलं नाही. मग हिशेब केला. ती पाचवीत गेली १९८८ साली. धाकटा तेव्हा एक वर्षाचा. वाटाण्याची तोडणी आली की त्याला सांभाळायला कुणी नसायचं. पोरगी बांधावर त्याला घेऊन बसायची, आणि तो झोपला की शेंगा तोडायची. ओला वाटाणा थांबत नाही, दिवस गेला की शेंग पिवळी पडते आणि बाजारात भाव उतरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या साली ती दीड महिना शाळेत गेली नव्हती. वर्गात त्याच दीड महिन्यात अपूर्णांक होऊन गेले. पुढच्या साली दशांश, मग शेकडेवारी, मग व्याज, मग बीजगणित. सगळं त्याच एका पायरीवर उभं. ती पायरीच तिच्या पायाखाली नव्हती. आणि आम्ही म्हणत होतो, डोकंच नाही.

गुरुजींनी आमच्याच घरातून शेर, मापटं आणि चिपटं मागून नेलं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. मापटं म्हणजे अर्धा, चिपटं म्हणजे पाव. पोरगी लहानपणापासून ह्याच मापांनी घेवडा मोजत आली होती. अर्ध्यात पाव घातला की पाऊण शेर होतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. फक्त पाटीवरचा छेद आणि कोठीतलं चिपटं एकच आहेत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आठ दिवसांत अपूर्णांक सुटले. बाकीचं तितकं झटपट झालं नाही. पाच महिने ती रोज पहाटे चार वाजता उठायची. ऑक्टोबरला पास झाली. पुढं नर्सचा कोर्स केला, सरकारी दवाखान्यात लागली. आता तिची मुलगी शिक्षक होण्याचा अभ्यासक्रम करते, ज्याला आपण डी.एड. म्हणायचो तो. हीच ती नात.

आता दिवाळीकडं वळते. मी ओट्यावर घेवडा निवडत होते. नात परीक्षेचं वाचत होती. मी म्हटलं, “मोठ्यानं वाच, मलाही कळू दे.” ती म्हणाली, “आजी, ऐक तर मग. अमेरिकेतल्या बाईंचा प्रयोग आहे.”

तो असा. कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर ह्या दोन बाईंनी पाचवीच्या मुलांना आधी काही आकृत्यांची कोडी घातली. फार अवघड नव्हती. झाल्यावर सगळ्यांना सांगितलं, छान सोडवलीत. फक्त पुढं काही मुलांना म्हटलं, “तू हुशार असणार.” काहींना म्हटलं, “तू चांगली मेहनत घेतली असणार.” बस, एवढाच फरक, एका वाक्याचा. मग विचारलं, आता पुढं कोणतं काम घेता, सोपं की ज्यात चुकाल पण काही शिकाल असं? मेहनतीचं कौतुक झालेल्या बहुतेक मुलांनी शिकायचं काम मागितलं. हुशार म्हटलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी सोपं मागितलं. त्यानंतर सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली. सगळेच आपटले. आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखीच सोपी कोडी दिली. तेव्हा मेहनतवाली मुलं आधीपेक्षा पुढं गेली, आणि हुशार म्हटलेली मुलं आधीपेक्षा मागं पडली. कोडी तीच, मुलं तीच.

मी म्हटलं, “असं कसं होईल?”

नात म्हणाली, “ज्याला हुशार म्हटलं त्याला वाटतं, आलं तर मी हुशार, मग नाही आलं तर मी कोण? त्याचा जीव कोड्यात राहतच नाही, नाव राखण्यात जातो.” मग तिनं पुढचं वाचलं. त्या मुलांना आपले मार्क दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांसाठी कागदावर लिहायला सांगितले. नाव लिहायचं नव्हतं. तरी हुशार म्हटलेल्या मुलांपैकी शंभरात जवळजवळ चाळीस जणांनी मार्क वाढवून लिहिले. हा प्रयोग १९९८ साली छापून आला.

माझा निवडायचा हात थांबला. पुण्याहून येऊन थोरला आम्हाला जे आकडे सांगायचा ते आठवले. तो खोटारडा नव्हता हो. लहानपणी आंबा चोरला तरी आपणहून सांगायचा. त्याला खोटं बोलायला कुणी शिकवलं असेल तर ते आमच्या ओट्यावरच्या त्या वाक्यानं. “ह्याला अभ्यास करावाच लागत नाही.” मग अभ्यास करावा लागला तेव्हा पोरानं काय करायचं? हात वर करून सरांना विचारायचं, मला इंग्रजीतलं कळत नाही? ज्यानं विचारलं तो हुशार राहिला नाही.

नातीला मी तीन-चार दिवस सोडलं नाही. तिच्या पुस्तकातलं आणखी काही सांगते. जेम्स स्टिगलर नावाचे एक अभ्यासक १९७९ साली जपानात चौथीच्या गणिताच्या वर्गात मागं बसले होते. मुलं कागदावर ठोकळ्याचं चित्र काढत होती. एका मुलाचा ठोकळा वाकडातिकडा येत होता. मास्तरांनी त्यालाच फळ्याजवळ बोलावलं. पाहुण्यांनाच घाम फुटला, आता हे पोर रडणार. पोर काढत राहिलं. मधूनमधून मास्तर वर्गाला विचारायचे, बरोबर आलं का? मुलं म्हणायची, नाही. तास संपता संपता त्याचा ठोकळा बरोबर आला, वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि ते हसत जागेवर बसलं. आमच्या वेळी फळ्याजवळ ज्याला येत नाही त्याला बोलवत, पण छडी द्यायला. मी स्वतः चौथीत त्या फळ्याच्या भीतीनं दोनदा पोटात दुखतंय म्हणून घरी आले होते. त्या जपानी वर्गात अडणं ही लपवायची गोष्टच नव्हती. अडतो तोच शिकतो, असं पोरांच्या अंगवळणी पडलेलं.

दुसरी गोष्ट आपल्याच देशातली, आणि ती मला जास्त लागली. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे ह्या दोन अभ्यासक बाईंनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. वाट शोधून बाहेर पडायचं. वरच्या जातीची मुलं होती, खालची समजल्या जाणाऱ्या जातींची होती. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा दोघांचं काम सारखंच झालं. पण सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारून बसवलं, तेव्हा खालच्या म्हणवल्या जाणाऱ्या मुलांनी कमी चक्रव्यूह सोडवले. हे २००६ साली प्रसिद्ध झालं. डोकं तर तेच होतं. जात न पुकारता चालत होतं, पुकारली तिथं अडलं. आमच्या लहानपणी शाळेत एका आळीतल्या मुलांना दाराजवळ बसवत, आणि ती मुलं गणितात मागं आहेत म्हणून गुरुजी वर हसत. मी हसले होते का, मला आठवत नाही. हसले असेनही.

तुम्ही म्हणाल, म्हातारी वाहवत गेली. सगळ्यांची डोकी काय सारखी असतात? नाही असत. आमची माळाची एक पट्टी होती, निव्वळ मुरूम. बाजरी गुडघ्याएवढी व्हायची. मालकांनी तीन उन्हाळे तळ्यातला गाळ बैलगाडीनं आणून टाकला, धनगराची मेंढरं बसवली, ताग गाडला. चौथ्या साली तिथं बाजरी माझ्या डोक्यावरून गेली. नदीकाठच्या काळ्या रानाइतकी ती पट्टी कधी झाली नाही, हेही खरं. पण ती काय आहे ते गाळ टाकल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. मातीच्या बाबतीत आपल्याला हे शहाणपण उपजत असतं. मुरमाड रानात पीक येईना तर आपण विचारतो, काय कमी पडतंय? पोराच्या बाबतीत सटवाईवर टाकून मोकळे होतो.

आणि उलट्या बाजूनंही कुणी वाहवू नये. मी नातीला विचारलं, मग पोरांना नुसतं सांगितलं की बुद्धी वाढते, तर ती सगळी पहिली येतील का? ती हसली. म्हणाली, “आजी, हे जादूचं औषध नाही.” अमेरिकेत नववीच्या सुमारे बारा हजार मुलांना तासाभराहून कमी वेळ हे समजावून दिलं, मेंदू वापरानं तयार होतो म्हणून. २०१९ साली निकाल आला. अभ्यासात मागं असलेल्या मुलांचे मार्क वाढले, पण थोडेच. आणि ज्या शाळेत सोबतची मुलं अवघड गोष्टीला हात घालायला कचरत नव्हती तिथं जास्त. इंग्लंडात शिक्षकांना शिकवून असाच प्रयोग केला, त्यात फरक दिसलाच नाही. मला ते पटलं. माझी पोरगी गुरुजींकडं जायच्या आधीही मेहनत करतच होती की! चुकीची गणितं दहा-दहा वेळा वहीत उतरवायची. तिला कुणी “शाब्बास, अजून मेहनत कर” म्हटलं असतं तर तिनं ती चूक विसाव्यांदा उतरवली असती. तिला पायरी हवी होती. गुरुजींनी ती शोधली, कारण तिचं डोकं रिकामं आहे असं त्यांनी आधीच ठरवलं नव्हतं. मला वाटतं, ह्या सगळ्या प्रकरणात पोराच्या मनातल्या समजुतीइतकीच मोठ्यांच्या मनातली समजूत मोलाची. ढ म्हटलं की शोधायचं थांबतं. आणि हुशार म्हटलं तरी थांबतं, हे माझं मला उशिरा कळलं.

भाऊबीजेला पोरगी आली. रात्री भांडी घासताना मी तिला म्हटलं, “त्या साली तुला वाटाण्याला नेलं, शाळा बुडवली, माझं चुकलं.”

ती राख हातात घेऊन थांबली. म्हणाली, “आई, ते मी केव्हाच विसरले. तेव्हा घरात दुसरं होतं कोण? पण पाहुण्यांपुढं तू म्हणायचीस ना, ही आमची ढ, ते नाही विसरले. अजून दवाखान्यात नवीन यंत्र आलं, नवीन फॉर्म आला की पहिल्यांदा तेच ऐकू येतं. मग मी ते दोनदा शिकते. सोबतच्या बायका म्हणतात, तुला सगळं कसं येतं?”

मी काय बोलणार! तिनं घासलेलं भांडं मी विसळलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, “दादाचं मात्र माझ्यापेक्षा वाईट झालं.”

हे तिनं मला सांगायला नको होतं. मी रोज बघत होते. थोरला आता पन्नाशीचा आहे. कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, अंजिराची बाग त्यानं राखली. पण नवीन काही म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर असतं, “मला त्यातलं काही कळत नाही.” ठिबकचा संच शेजाऱ्यानं जोडून दिला. मोबाइलवर पीक नोंदवायचं तर भाच्याला बोलावतो. ज्यात पडायची भीती आहे, तिथं तो पाऊलच टाकत नाही. गावात सगळे त्याला शांत स्वभावाचा म्हणतात.

त्याचा मुलगा, माझा नातू, पाचवीत आहे. चटपटीत आहे. गेल्या साली तो वर्गात पहिला आला तेव्हा ओट्यावर चार माणसं जमली आणि एक जण म्हणाला, “बापावर गेलाय. ह्याला काय, एकदा वाचलं की झालं.” मी आतून ओरडलेच, “तसं म्हणू नका!” सगळे चपापले. म्हातारीला काय झालं, असं त्यांच्या तोंडावर दिसलं. पण बोलून गेलेलं शब्द पोरानं ऐकले होतेच.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आदल्या रात्रीची गोष्ट. नातू दिव्याखाली अभ्यास करत होता. अचानक त्यानं वही भिरकावली आणि म्हणाला, “मला नाही येत. मला शाळेतच जायचं नाही.” डोळ्यांत पाणी. मी उठून वही उचलली. वहीत काय असावं? एक छेद दोन अधिक एक छेद चार. खाली खोडून खोडून कागद फाटलेला, आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरात, दोन छेद सहा.

मला बोलायचं होतं, पण दारात थोरला उभा होता. जनावरांना वैरण घालून आला होता. अभ्यासाच्या बाबतीत तो कधी तोंड घालत नाही, आईकडं जा म्हणतो. त्या रात्री तो आत आला, मुलाशेजारी मांडी घालून बसला आणि वहीकडं बराच वेळ बघत राहिला.

मग म्हणाला, “अकरावीत पहिल्या चाचणीला मला फिजिक्समध्ये पंचवीसपैकी चार पडले होते.”

नातू रडायचा थांबला. सून चुलीपाशी होती, तिनंही मान वळवली.

“घरी मी अठरा सांगितले. सर इंग्रजीत काय बोलायचे ते मला कळत नव्हतं. विचारायची लाज वाटली. पुढं मी वर्गात जायचंच सोडलं. दिवसभर स्टेशनवर बसायचो, गाड्या बघत.” तो माझ्याकडं न बघता बोलत होता. तीस वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा तोंडातून काढलं. मालक असते तर! त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

नातवानं विचारलं, “मग सरांना नंतर तरी विचारलं का?”

“नाही विचारलं,” तो म्हणाला. “आज तू मला विचार. मला येईलच असं नाही. दोघं मिळून बघू.”

मी उठले, कोठीच्या खोलीत गेले. शेर आणि मापटं लगेच सापडलं, चिपटं काही सापडेना. शेवटी ते पणत्यांच्या टोपलीखाली निघालं. पदरानं पुसलं आणि सुपातला निवडलेला घेवडा घेऊन बाहेर आले. बाप-लेकानं मधोमध गोणपाट अंथरलं. नातवानं मापटं भरलं, शेरात ओतलं. मग चिपटं भरलं.

“थांब,” थोरला म्हणाला, “ओतू नको. आधी सांग, कुठपर्यंत येईल?”

नातवानं शेराच्या आत डोकावून पाहिलं आणि बोटानं बाहेरून एक खूण केली.